कॅमेरा कोणासाठी?

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहातील भाषण)



कमिटीनं आम्हाला विषय दिला, ‘कीर्तनाचं चित्रीकरण अन् लाइव्ह’. आमचं शिक्षण चौथी. धंदा कास्तकारी, सेवा कीर्तनाची. म्हणून काही जण हसले, की महाराज कॅमेऱ्यावर काय बोलतील. पण बाप्पाहो, चाळीस वर्षं आम्ही या गादीवर उभे राहतो, अन् गेली दहा-बारा वर्षं आमच्यापुढं कॅमेरा उभा राहतो. ज्याच्या तोंडाकडं कॅमेरा असतो त्यालाही काही कळत असेल की नाही?

गावात सध्या दोन मतं आहेत. म्हातारे म्हणतात, कॅमेरा मंडपात नकोच. पोरं म्हणतात, सगळं लाइव्ह करा, ड्रोन उडवा. आम्ही दोघांचंही ऐकलं. आमचं म्हणणं एवढंच, की कॅमेरा हवा का नको हे विचारण्याआधी कॅमेरा कोणासाठी हे विचारा. त्याचं उत्तर सापडलं की बाकीचं आपोआप ठरतं.

पहिली गोष्ट, चित्र अन् आपला संप्रदाय यांची ओळख काही आजची नाही. पुण्याच्या प्रभात कंपनीनं १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. दामले अन् फत्तेलाल यांनी तो केला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला, अन् पुढच्या वर्षी व्हेनिसला, साता समुद्रापार, त्याचा गौरव झाला. रेडिओ आला, कॅसेट आली. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ पहाटे किती घरांत वाजत होता ते तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईचं दूरदर्शन केंद्र १९७२ ला सुरू झालं, अन् पुढं पंढरीची पूजा घरबसल्या दिसू लागली. २०११ पासून तर ‘फेसबुक दिंडी’ सुरू झाली, पालखी कुठं पोचली ते मोबाइलवर कळायला लागलं. यातल्या कशानंही वारी कमी झाली नाही. रस्ता आजही पुरत नाही. म्हणून ‘यंत्र आलं की धर्म बुडाला’ हे आम्ही मानत नाही.

पण यंत्र सगळं करतं, हेही आम्ही मानत नाही. त्याचा दाखला २०२० चा. त्या वर्षी आषाढी १ जुलैला होती. करोनानं पायी वारी बंद. संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. दुसऱ्या वर्षी मानाच्या दहा पालख्या, प्रत्येकीला दोन बस अन् चाळीस माणसं. आपली मुक्ताबाईची पालखी दरसाल मलकापूर, मोताळा, राजूरचा घाट, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा अशी चालत जाते. त्या दोन वर्षी रस्त्यावर टाळ वाजला नाही. घाट मुका होता.

तेव्हा पोरांनी युक्ती काढली. बारा घरं मोबाइलवर जोडली अन् सगळ्यांनी मिळून हरिपाठ धरायचा ठरवला. काय झालं? टाळच जुळेना! एकाचा ठोका दुसऱ्याला उशिरा ऐकू येई. तो त्याला धरून वाजवी, ते तिसऱ्याला आणखी उशिरा. दोन ओव्यांत सगळी गडबड. पोरं म्हणाली, महाराज, नेट हळू आहे. नेट कितीही जोरात असू द्या, आवाज लांबून जाऊन लांबून येतो, त्याला वेळ लागणारच. लाइव्ह म्हणतात त्यातही कॅमेऱ्यापुढं झालेलं तुमच्या मोबाइलवर दहा, वीस, कधी तीस सेकंदांनी दिसतं. टाळ एका ठोक्यात पडायला माणसं एका मंडपात उभी पाहिजेत.

शेवटी आम्ही काय केलं? एकानं विणा घेऊन म्हणायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी त्याच्यामागं म्हणायचं, आवाज बंद ठेवून. तसं ते जमलं. तेव्हा हे पक्कं झालं, की कॅमेरा इकडचं तिकडं नेतो. सोबत उभं राहणं त्याला जमत नाही. जो इथं येऊ शकतो त्यानं यावं. जो येऊच शकत नाही त्याच्यासाठी कॅमेरा.

असे कोण आहेत? सासरी गेलेल्या लेकी. चाकणच्या कंपनीत पाळी करणारी पोरं. सीमेवरचा जवान. अन् अंथरुणावरचे म्हातारे. आपल्या दिंडीचे एक जुने विणेकरी अर्धांगानं पडून होते. २०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांचा नातू रोज आमचं कीर्तन त्यांना मोबाइलवर दाखवी. एक दिवस ते नातवाला म्हणाले, “बाबू, बुवाचं तोंड किती डाव दाखवशील? मले रस्ता दाखव. मांगं टाळकरी कोन कोन हायेत ते दाखव.” नातवानं आम्हाला हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शूटिंगवाल्याला सांगितलं, आमच्यावरचा कॅमेरा थोडा कमी कर, टाळकऱ्यांच्या रांगेवरून हळूहळू फिरव. म्हातारा एकेक नाव घ्यायचा म्हणे. जे तोंड दिसलं नाही त्याची चौकशी करायचा.

आता हे काम नीट कसं करायचं, ते सांगतो. या सप्ताहात जी पोरं लावली आहेत त्यांच्याजवळ बसून आम्ही पाहिलं.

त्यांचे तीन कॅमेरे आहेत. एक समोर मधोमध, सगळा मंडप धरतो. एक बाजूनं, बुवा अन् मृदंग धरतो. तिसरा श्रोत्यांवर. तिन्हींच्या तारा एका पेटीत जातात, तिला मिक्सर म्हणतात. आपल्या तिफनीत एका चाड्यातून तीन नळ्यांत बी जातं. इथं उलटं, तीन नळ्यांतून येतं अन् एका चाड्यात पडतं. चाड्यावर बसलेला पोरगा ठरवतो कोणता कॅमेरा लोकांना दाखवायचा. त्या पोराला कीर्तन कळलं पाहिजे. बुवा चरण म्हणतो तेव्हा बुवा, मागं टाळकरी उचलतात तेव्हा टाळकरी. हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात किती भारी कॅमेरा द्या, गजर चालू असताना तो मंडपाचं झुंबर दाखवील.

चित्रापेक्षा आवाज मोठा. चित्र थोडं अंधुक झालं तरी माणूस बसून ऐकतो, आवाज फाटला की मोबाइल ठेवून देतो. मंडपातल्या भोंग्यापुढं मोबाइल धरून आवाज घेतला तर नुसती घरघर येते. साउंडवाल्याच्या मशीनमधून वेगळी तार कॅमेऱ्यासाठी घ्यावी. बुवाचा माइक वेगळा, मृदंगाचा वेगळा, टाळकऱ्यांसाठी दोन. मृदंगाचा आवाज लाइव्हसाठी कमी ठेवावा, नाहीतर निरूपण त्याच्याखाली दबतं. अन् एक माइक श्रोत्यांकडं पाहिजेच. तो नसला तर दोन हजार माणसांचा विठ्ठलाचा गजर घरी बसलेल्याला ऐकूच जात नाही. त्याला वाटतं बुवा एकटाच ओरडतो.

उजेडाचं असं, की आपण सगळे पांढऱ्यात. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा. कॅमेरा आपोआपवर ठेवला तर इतकं पांढरं पाहून तो उजेड कमी करतो अन् माणसाचं तोंड काळं पडतं. म्हणून उजेड हातानं, तोंडावर बघून लावायचा. अन् सगळे दिवे बुवावर मारू नका, श्रोत्यांवरही दोन असू द्या.

नेटचं सांगतो. सिनेमा बघायला जे नेट लागतं ते खाली येणारं. लाइव्हला वर जाणारं लागतं, ते तपासावं. चांगल्या चित्राला पाचाचा वेग लागत असेल तर दहाचा हाताशी ठेवावा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत. जत्रेत सगळ्यांचे मोबाइल चालू झाले की एक कंपनी बसतेच. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह करायचं असेल तर परवानगी मिळायला चोवीस तासही लागतात, म्हणून कीर्तनाच्या दिवशी खातं उघडत बसू नये. घाटात नेट मिळत नाही. तिथं लाइव्हचा हट्ट धरू नका, नुसतं टिपून घ्या अन् मुक्कामी गेल्यावर टाका. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत यंत्रं चालतील अशी बॅटरी पाहिजे. आणखी एक, संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, पण कंपनीनं काढलेलं गाणं मागं वाजवलं तर तिथलं यंत्र ते ओळखतं अन् आपलं चित्रीकरण अडकतं. आपला मृदंग आहे ना? तोच वाजू द्या.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कीर्तनात आम्ही आधी समोरच्याची बाजू मांडतो अन् मग ती खोडतो. त्याला पूर्वपक्ष, उत्तरपक्ष म्हणतात. एका गावी आम्ही बोललो, ‘कोणी म्हणतात बाईनं विणा धरू नये.’ ही समोरच्याची बाजू. ती चांगली रंगवून सांगितली. पुढं पाऊण तास ती खोडली. ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली तेव्हा ती उघडायला लावणारी कोण? मुक्ताबाई. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाला उपदेश करणारी कोण? मुक्ताबाई. अन् तिच्या पालखीमागं चालणाऱ्यांनी बाईला विणा नाकारायची? असं ते निरूपण होतं.

कोणीतरी त्यातले अठ्ठावीस सेकंद कापले. ‘कोणी म्हणतात’ हे दोन शब्दही उडवले. ते मोबाइल मोबाइल फिरलं. आठ दिवसांत आपल्याच दिंडीतल्या माउली आमच्याशी बोलेनात. एक आजी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “काहो महाराज, तीस वर्षं तुमच्या मांगं तुळस घेऊन चालली मी, अन् आमच्या हातात विणा नको म्हन्ता?” आम्ही काय सांगणार? सांगून कोणाला पटतं? पण त्या दिवशीचं पूर्ण चित्रीकरण शूटिंगवाल्या पोरानं जपून ठेवलं होतं. मंदिरापुढं पांढरा पडदा बांधला अन् दोन तासांचं सगळं कीर्तन गावाला दाखवलं. आजी शेवटपर्यंत बसली. उठताना एवढंच म्हणाली, “तोडून आनलेल्या फांदीवरून झाड वळखू नये.” त्या वर्षी तिच्या सुनेनं पहिल्यांदा विणा घेतली. ती आज समोर बसली आहे.

म्हणून या शंभराव्या वर्षी दिंडीपुढं आम्ही काही नियम ठेवतो. पटले तर घ्या.

एक. कीर्तनाचं चित्रीकरण पूर्ण ठेवायचं. दोन तासांच्या कीर्तनाला साडेचार जीबीच्या आसपास जागा लागते, ती काही फार नाही. दोन ठिकाणी ठेवायचं, एक मंदिराच्या कपाटात, एक दुसऱ्याच्या घरी. दरसाल लावून पाहायचं. बी दरसाल उन्हात टाकतो तसं.

दोन. तुकडा टाकायचाच असेल तर त्यात प्रश्न अन् उत्तर दोन्ही असावं, अन् खाली पूर्ण कीर्तनाचा पत्ता द्यावा.

तीन. टँकरवर आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या, झोपलेल्या, पायाचे फोड बांधणाऱ्या माणसांवर कॅमेरा धरायचा नाही. बायांच्या राहुटीकडं तर वळवायचाच नाही. कोणी म्हटलं ‘माझं काढू नको’, तर विषय संपला.

चार. ड्रोनला सरकारचे २०२१ चे नियम आहेत, नोंदणी लागते. रिंगणाच्या वेळी घोड्याच्या डोक्यावर तो उडवायचा नाही. घोडा बुजला तर माणसं तुडवली जातील.

पाच. शूटिंगवाल्याशी कागदावर ठरवायचं. किती दिवस, किती कॅमेरे, मूळ चित्रीकरण कोणाकडं राहील, मध्ये जाहिरात येईल का. त्याचा मोबदला वेळेवर द्यायचा. तोही उन्हातान्हात उभा असतो, त्याला पंगतीत बसवायचं.

सहा. हे आम्हा कीर्तनकारांसाठी. कॅमेऱ्याकडं पाहून बोलायचं नाही, समोरच्या माणसाकडं पाहून बोलायचं. किती जणांनी पाहिलं याचा आकडा गादीवर काढायचा नाही. आकड्यासाठी बोलायला लागलो की निरूपण जातं अन् नुसती चुटके सांगायची हौस राहते.

मायबापहो, शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही दिंडी काढली त्यांचा आवाज आपल्याकडं नाही. त्यांची चाल तेवढी आहे, ती गळ्यातून गळ्यात आली. आणखी शंभर वर्षांनी जो कोणी इथं उभा राहील, त्याला आपला आवाजही मिळेल अन् तोंडंही दिसतील. त्याला टाळकऱ्यांची अख्खी रांग दिसली पाहिजे, तुळशीवाल्या माउली दिसल्या पाहिजेत, अन् बुवा त्यांच्यात एक दिसला पाहिजे.