गोल वाटेवरचा दुपारचा निर्णय



दिवाळी झाली, गवत पिवळं पडायला लागलं, की पाटण तालुक्यातल्या डोंगरांकडे पावलं वळतात. कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागलं की कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर पाटण येतं. गावात उभं राहून मान वर केली तर भोवती काळ्या कातळाच्या धारा दिसतात. त्यांतला दातेगड, म्हणजेच सुंदरगड, चढून आल्या वाटेने उतरायचं तर अर्धा दिवस पुरतो. पण हल्ली बरेच गट तेवढ्यावर थांबत नाहीत. टोळेवाडीच्या बाजूने गड गाठायचा, तिथली कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आणि गणपती-मारुतीच्या भव्य मूर्ती पाहायच्या, मग सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावरून, धारेधारेने लांबवर चालायचं आणि वेगळ्याच सोंडेने उतरून संध्याकाळी पाटणला यायचं. अशा दिवसभराच्या गोल वाटेबद्दल मी आज बोलणार आहे.

गोल वाट सगळ्यांना आवडते, कारण दिवसभर नवा मुलूख पाहायला मिळतो. तिची अवघड बाजूही तीच. आल्या वाटेने परतताना प्रत्येक वळण, प्रत्येक झाड ओळखीचं असतं. गोल वाटेचा उत्तरार्ध मात्र सगळा अनोळखी. तो आपण दमलेल्या पायांनी चालतो, त्यात उतार जास्त असतो आणि ऊन कलत असतं. शिवाय निम्मी वाट ओलांडली की मागे फिरणंही पुढे जाण्याइतकंच लांब पडतं. म्हणून माझं आजचं मुख्य सांगणं एवढंच आहे की, पुढे जायचं की आल्या वाटेने उतरायचं, हे गडावर असतानाच ठरवा. त्यासाठी एक वेळ आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवा. साडेअकरा म्हणा. साडेअकराला गटातला शेवटचा माणूस गडावर पोहोचला नसेल, तर त्या दिवशी सडा नाही. गड पाहायचा, डबा खायचा आणि उतरायचं.

ही वेळ काढायला आधी सगळ्या वाटेला किती तास लागतील ते कळायला हवं. स्कॉटलंडमधल्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर दर 5 किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. समजा, तुमची गोल वाट 16 किलोमीटरची आहे आणि सगळे चढ मिळून 800 मीटर होतात. म्हणजे चालण्याचे सव्वातीन तास आणि चढाचे सव्वा तासाच्या वर, एकूण साडेचार. पण हा हिशेब सराव असलेल्या, झपझप चालणाऱ्या माणसाचा. आपल्याकडचा घसारा, गवतात हरवलेली वाट आणि दहा-बारा जणांचा गट धरला तर मी त्याची सरळ दीडपट करतो. झाले पावणेसात. गड पाहणं, जेवण आणि विसावा यांचे दोन तास मिळवले की जवळजवळ नऊ. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. सातला निघालात तर चारला खाली याल, गाठीशी दोन तास राहतील. नाश्ता करून नऊला निघालात, तर काहीही न बिघडता शेवटचा उतार सूर्यास्ताला टेकणार. खोऱ्यात तर डोंगराआड सूर्य आधीच जातो.

आता तो उतार. सह्याद्रीचा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे, उतरंडीसारखा एकावर एक. कठीण थराचा उभा कडा राहतो, ठिसूळ थर झिजून त्याचा तिरपा, गवताळ टप्पा होतो. खालून वर पाहिलं तर हे सगळे कडे स्वच्छ दिसतात. वरून खाली पाहिलं तर फक्त गवताळ टप्पे दिसतात, मधले कडे दिसतच नाहीत. त्यामुळे वरून वाटतं की इथून सरळ खाली उतरता येईल, गाव तर समोर दिसतंय. दोन टप्पे उतरल्यावर पायाखाली पन्नास-शंभर फुटांचा कडा येतो. उतरताना घसरत आलेलं तेवढं परत चढवत नाही आणि माणूस मध्येच अडकतो.

म्हणून उतरायची सोंड आदल्या दिवशी खालून, गावातून नीट पाहून घ्या, फोटो काढून ठेवा. ज्या वाडीत उतरणार तिथल्या माणसांना विचारा. प्रश्न मात्र नेमका हवा. ‘वाट आहे का?’ म्हटलं तर आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. ‘मामा, या वाटेने गेल्या महिन्यात कोण गेलं होतं? गवत कापलंय का?’ असं विचारा. शक्य असेल तर त्यांच्यातलाच एक जाणता माणूस सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाचा योग्य मोबदला द्या. नकाशात जे सापडत नाही ते त्याच्या पायांना माहीत असतं.

ढोरवाटांचं तर फारच सांभाळा. गुरांची वाट रुंद, मळलेली, माणसाच्या वाटेपेक्षा ठळक असते. पण ती चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जाते, गावाकडे जाईलच असं नाही. वाट अचानक चार फाट्यांत विरून गेली की समजावं, आपण गुरांच्या मागे आलो. तिथेच थांबा, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. आणि कितीही मोह झाला तरी ओढ्याच्या पात्राने खाली उतरू नका. पावसाळ्यातला धबधबा उन्हाळ्यात कोरडा कडा होतो आणि ओढा हमखास तुम्हाला त्याच्या माथ्यावर नेऊन सोडतो.

सड्यावर एक सोय आहे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यासाठी गाड्यांचे रस्तेही झाले. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला ऊन लागलं, तर कड्यावरून उतरण्याचा हट्ट सोडून अशा रस्त्याकडे चाला आणि गाडी बोलवा. निघण्यापूर्वी नकाशावर हा रस्ता लाल पेन्सिलीने गिरवून ठेवा. मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून नकाशा कागदावरचाही हवा.

सड्यावर जांभा दगड तापतो आणि सावली नावालाही नसते. थंडीतसुद्धा माणशी तीन लिटर पाणी हवं, फेब्रुवारीनंतर चार. गडावरच्या विहिरीत पाणी दिसतं म्हणून बाटली रिकामी नेऊ नका. सोबत जलसंजीवनीची पाकिटं ठेवा, नाहीतर मीठ-साखर-लिंबू. कोणी बडबड करता करता गप्प झाला, डोकं दुखतंय म्हणाला, तर तो बसायचं म्हणेपर्यंत वाट पाहू नका, तुम्हीच त्याला बसवा.

कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखाली आरोळ्या नकोत, अत्तर नको, आणि विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर तर मुळीच नको. माश्या उठल्याच तर झटापट न करता चेहरा झाकून शक्य तितकं दूर पळा. एक काडी पेटवण्यात दुसराही धोका आहे, तो वणव्याचा. वाळलेल्या गवतात आग माणसापेक्षा वेगाने वर चढते.

कोयनेच्या बाजूला भैरवगड, जंगली जयगड यांच्याकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा आहे. 2010 मध्ये झालेल्या या प्रकल्पात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान येतात. तिथे वन विभागाची परवानगी घेऊनच जायचं. गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, त्याला वाट द्या.

आणि भर पावसात ही गोल वाट नकोच. जुलै 2021 मध्ये याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. पिढ्यान्‌पिढ्या डोंगराजवळ राहिलेल्यांवर जे ओढवलं, ते पाहुण्यांनी हौसेपायी ओढवून घेऊ नये. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम.

तरीही अंधाराने गाठलंच तर चालणं थांबवा. धारेपासून दूर, सपाट जागी सगळे एकत्र बसा, अंगावर उबदार काही घ्या आणि 112 क्रमांकाला फोन करा. कोणी जखमी असेल तर 108. कुठे आहात ते सांगताना गडाचं, वाडीचं, शेवटच्या टाक्याचं नाव सांगा.

निघताना पायथ्याच्या वाडीत एका घरी तुमची वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. दुसऱ्या बाजूला उतरलात की त्या घरी फोन करायला विसरू नका. नाहीतर तिथली माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला निघतील, आणि त्या कड्यांवर रात्री त्यांच्याही जिवाला तेवढाच धोका असतो.