चष्म्याने भागत नाही तेव्हा

घरात 15-20 वर्षांचं पोर आहे, चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय, नवा चष्मा लावूनही अक्षरं पसरट दिसतात, रात्री गाड्यांचे दिवे फाकल्यासारखे दिसतात, असं असेल तर आजचं बोलणं तुमच्या कामाचं आहे.

या आजाराला केराटोकोनस म्हणतात. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. तो हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. डोळे चोळण्याशी याचा जवळचा संबंध आहे. म्हणून पोर डोळे चोळत असेल तर नुसतं ओरडू नका, खाजेवर डॉक्टरांचं औषध घ्या.

पडदाच वेडावाकडा झाला की चष्मा पुरत नाही. तिथे खास लेन्स लागते. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाणी साचलं की रस्ता वरून सपाट दिसतो ना? तसंच. कडक लेन्स आणि बुबुळ यांच्यामध्ये अश्रूंचा थर भरतो, उंचसखलपणा झाकला जातो, नजर साफ होते. आरजीपी लेन्स छोटी असते, बुबुळावर बसते, सुरुवातीला खुपते. स्क्लेरल लेन्स मोठी, ती पांढऱ्या भागावर टेकते. आत सलाइन भरून ती घालायची. खुपत नाही, पण महाग. युक्ती जुनीच आहे बरं का. पॅरिसच्या युजीन काल्ट या डॉक्टरांनी 1888 मध्येच या आजारासाठी काचेची लेन्स करून पाहिली होती.

आमच्या गटात एका ताईंनी मुलीच्या लेन्ससाठी कर्ज मागितलं, तेव्हा कुजबुज झाली: लेन्स म्हणजे नटण्याची हौस, त्याला गटाचा पैसा कशाला? आम्ही ते दवाखान्याचं कर्ज म्हणून मंजूर केलं. चष्म्याने दिसत नाही त्या मुलीची लेन्स ही हौस कशी? आता ती लांबून एसटीची पाटी वाचते.

पण एक गोष्ट त्या ताईंनाही कुणी आधी सांगितली नव्हती. लेन्सने दिसतं, आजार थांबत नाही. दिसायला लागलं की घरचे निर्धास्त होतात आणि आत पडदा पातळ होतच राहतो. आजार वाढत असेल तर क्रॉसलिंकिंग करतात. रिबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण देतात, त्याने पडदा घट्ट होतो. गेलेली नजर त्याने परत येईलच असं नाही. वाढ थांबावी म्हणून ते करायचं. तेव्हा डॉक्टरांना आधी हेच विचारा: आजार वाढतोय का? टोपोग्राफी नावाच्या तपासणीत पडद्याच्या चढउताराचा नकाशा निघतो. दुखत नाही. ती काही महिन्यांनी पुन्हा केली की वाढ कळते.

लेन्सला नळाचं, विहिरीचं पाणी लावायचं नाही, थुंकी तर नाहीच. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच हात लावायचा. झोपताना काढायची. डोळा लाल झाला, दुखला तर लेन्स काढून त्याच दिवशी दवाखाना. मध नको, दुकानातले थेंब नकोत.

लग्न ठरवताना लपवायचा सल्ला बऱ्याच जणी देतात. लपवलेली लेन्स ती मुलगी सासरी धुणार कुठे आणि रात्री ठेवणार कुठे?

तपासणीला जाताना चष्म्याचे जुने कागद सगळे न्या. नंबर कसा बदलत गेला, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.