चुंबकाची थंडी

पाणी गार करावयाचें तर माठ पुरतो. त्याहून गारवा हवा तर बर्फ आणावें. पण केवल शून्याच्या वर जेमतेम दीड अंश, जेथें हेलियमसुद्धां द्रव होऊन बसलेला असतो, तेथें आणखी गारवा कोठून आणावयाचा? १९२६ च्या सुमारास डेबाय व जिओक या दोघांनीं स्वतंत्रपणें उत्तर दिलें : चुंबकाकडून.

क्रोम-तुरटी किंवा गॅडोलिनियम सल्फेट अशा क्षारांतील धातूचा प्रत्येक आयन हा एक चिमुकला चुंबकच. बलवान् चुंबकक्षेत्रांत हे सारे एका दिशेस वळतात. त्या वेळीं निघणारी उष्णता हेलियममध्यें जाऊं द्यावयाची. मग खडा हेलियमपासून अलग करून क्षेत्र काढून घ्यावें. चिमुकले चुंबक पुन्हां अस्ताव्यस्त होतात आणि त्यांचें तपमान उतरतें. १९३३ सालीं बर्कले येथें जिओक व मॅक्डूगल यांनीं या रीतीनें पाव अंशापर्यंत मजल मारली.

येथें एक शंका निघते, आणि ती क्षुल्लक नव्हे. हें तपमान मोजलें कशावरून? त्या चुंबकांच्याच वागणुकीवरून! खड्याची उष्णता तर अणूंच्या सांगाड्याच्या थरथरण्यांत असते. चुंबक गारठले म्हणून सांगाडा गारठला, असें कशावरून? दोहोंमध्यें दार हवें.

वॉलर यांनीं १९३२ सालीं एक दार दाखविलें होतें : कंपनामुळें आयनांतील अंतर बदलतें, म्हणून त्यांची परस्परांवरील चुंबकीय ओढहि बदलते. परंतु ही ओढ इतकी दुर्बळ कीं, त्या थंडींत उष्णतेची देवघेव जवळजवळ थांबावी. प्रयोग मात्र हें ऐकेना. ऑक्सफर्डला कुर्टी व सायमन यांनीं क्षाराबरोबर कॅडमियम धातु गार केला, तों अर्ध्या अंशाच्या आसपास त्याचा विद्युद्विरोध नाहींसा झाला.

खरें दार आडवळणाचें निघालें. हाइटलर व टेलर यांनीं १९३६ सालीं त्याची दिशा दाखविली. १९३९ सालीं क्रोनिग व १९४० सालीं व्हॅन व्ह्लेक यांनीं तें उघडलें. तुरटींत क्रोमियमच्या आयनाभोवतीं पाण्याचे सहा रेणु असतात. सांगाडा थरथरला कीं ते जवळदूर होतात. त्यांचें विद्युत्क्षेत्र हेलकावतें. इलेक्ट्रॉनची कक्षा डोलते. आणि कक्षेला जखडलेली त्याची भिंगरी, जिच्यांत चुंबकत्व, ती कलंडते. भिंगरीला विद्युत्क्षेत्राची थेट दाद नाहीं. कक्षा सांगेल तेवढेंच ती ऐकते. गॅडोलिनियममध्यें कक्षांची बेरीज शून्य होते, म्हणून तेथें हा निरोप क्षीणच.

१९४१ सालीं व्हॅन व्ह्लेक यांनींच आणखी एक अडचण मांडली. चुंबकांच्या सुराशीं जुळणारीं कंपनें खड्यांत थोडींच असतात. चुंबकांकडून निघालेली उष्णता दाराबाहेर पडली, तरी हेलियमपर्यंत पोंचण्यापूर्वीं तिला या मोजक्या कंपनांपाशीं खोळंबावें लागतें.