सुईची वाट आणि सीटीची नजर

फुप्फुसात खोलवर असलेल्या दीड-दोन सेंटिमीटरच्या गाठीचे निदान केवळ प्रतिमेवरून होईलच असे नसते, कारण क्षयरोगाची गाठ आणि कर्करोगाची गाठ या दोन्ही कित्येकदा सारख्याच दिसतात, आणि भारतासारख्या क्षयरोग सर्रास आढळणाऱ्या देशात तर ही शंका डॉक्टरांना वारंवार पडते. अशा वेळी गाठीचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. यालाच बायोप्सी म्हणतात. छाती न उघडता, बाहेरून सुई घालूनही हा तुकडा मिळवता येतो, मात्र सुईचे टोक नेमके कोठे आहे हे कळल्याखेरीज तसे करणे धोक्याचे ठरते. गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर सोनोग्राफी पुरते. परंतु मध्ये हवेने भरलेले फुप्फुस आले की ध्वनिलहरी पुढे जात नाहीत आणि मग सीटीवाचून गत्यंतर उरत नाही.

क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरवून, निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून संगणकाने शरीराचा आडवा छेद चितारायचा, हे सीटीचे तत्त्व होय. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला, तेव्हा एका फेरीला काही मिनिटे लागत. साहजिकच सरकत्या सुईचा माग त्या वेगाने काढता येणे शक्य नव्हते. शिवाय नळीला जोडलेल्या केबलींमुळे ती एकाच दिशेने सलग फिरू शकत नसे. फिरत्या भागाला सरकत्या कड्यांमधून वीज पुरवण्याचे तंत्र आल्यावर ही अडचण दूर झाली, आणि १९९० च्या दशकात जपानमध्ये काझुहिरो कातादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी फ्लुओरोस्कोपी, म्हणजे सेकंदाला अनेक प्रतिमा दाखवणारी चालती सीटी, प्रत्यक्षात आणली.

या तंत्रात डॉक्टर रुग्णाच्या शेजारीच उभे असतात आणि पायाखालचे पॅडल दाबले की समोरच्या पडद्यावर छेद उमटू लागतो. रक्त गोठण्याच्या तपासण्या आधीच झालेल्या असतात. रुग्णाला दरवेळी सारखाच श्वास घेऊन तो रोखण्याचा सराव दिलेला असतो, कारण श्वासाबरोबर गाठही वरखाली सरकते आणि खालच्या भागातील गाठ तर चांगलीच सरकते. त्वचा बधिर करून सुई बरगडीच्या वरच्या कडेला लगटून आत नेली जाते, कारण रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बरगडीच्या खालच्या कडेने गेलेले असतात. पडद्यावर पांढरी रेघ दिसली म्हणजे सुईचे टोक दिसले, असे मात्र नव्हे. सुई किंचित तिरपी असेल तर तिचा मधला भाग छेदात येतो आणि टोक पुढे निघून गेलेले असते. रेघ जेथे तुटक संपते आणि तिच्यापुढे काळसर पट्टा उमटतो, तेथेच खरे टोक मानावे लागते. एका जाड सुईतून दुसरी बारीक सुई घालण्याच्या पद्धतीमुळे फुप्फुसाचे आवरण एकदाच भेदून अनेक तुकडे घेता येतात.

मात्र सतत पाहता येते म्हणून सतत पाहावे, हा मोह या तंत्राचा सर्वांत मोठा दोष आहे. प्रत्येक क्षणाच्या प्रतिमेमागे रुग्णाच्या त्याच भागावर क्ष-किरण पडत राहतात, आणि रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण शेजारी उभ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. रुग्णावर पडणारा मारा त्या प्रक्रियेपुरता असतो, डॉक्टरांचा मात्र रोजचा साठत जातो. म्हणून अनुभवी डॉक्टर सुई थोडी पुढे सरकवतात, हात बाजूला घेतात, क्षणभर पॅडल दाबून एकदाच पाहतात आणि मगच पुढे जातात. सलग पाहणे केवळ श्वासाने हलणाऱ्या छोट्या गाठीसारख्या अडचणीच्या जागी राखून ठेवले जाते. हात किरणांच्या झोतात येऊ नये म्हणून सुई लांब दांड्याच्या चिमट्याने धरतात, नळीचा विद्युतप्रवाह कमी ठेवतात आणि शिशाचे एप्रन, गळ्याचा पट्टा व चष्मा वापरतात. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. अंगावर पडलेला किरणांचा मारा मोजण्याचा बिल्ला खुंटीला टांगून ठेवून काम करण्याची सवय काही ठिकाणी दिसते, तिचे समर्थन कशानेही होऊ शकत नाही.

सुई काढल्यावर पुन्हा एक सीटी घेऊन फुप्फुसाभोवती हवा साठली आहे का, हे पाहिले जाते. किंचित हवा बहुधा आपोआप शोषली जाते. ती वाढू लागली किंवा रुग्णाला दम लागला तर मात्र बारीक नळी घालून ती काढावी लागते. सुई लावल्याने गाठ पसरते ही भीती अनेक कुटुंबांत बाळगली जाते; तसे होणे अगदी विरळ असल्यामुळे, केवळ त्या भीतीपोटी तपासणी टाळून आधी क्षयाची औषधे घेऊन पाहण्यात जाणारे महिने रुग्णाला अधिक महागात पडू शकतात.