एका घरात दोन व्याधी

घरातील कर्त्या पुरुषाचा चालताना तोल जाऊ लागतो, बोलणे जड होते; आणि काही वर्षांनी त्याच्या सख्ख्या भावाचे हातपाय सुकू लागतात. अशा वेळी आमच्या लोधीखेड्याचा माणूस ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणून कपाळाला हात लावतो. दोन व्याधी, दोन दुर्दैवे, असे त्याला वाटते. परंतु क्वचित या दोहोंचे मूळ एकच असू शकते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील मज्जारोगतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया व त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग्यांचा लहान मेंदू झिजे आणि तोल जाई. विशेष खूण मात्र डोळ्यांत होती. एका वस्तूवरून दुसरीवर नजर झटकन न वळता सावकाश सरके.

या प्रकारच्या विकारास कारण होणारे जनुक १९९६ साली बाराव्या रंगसूत्रावर सापडले. शुद्धलेखन उतरविताना मुलाने एकच शब्द पुनःपुन्हा लिहावा, तसा त्यात तीन अक्षरांचा एक गट पुनःपुन्हा येतो. बहुतेकांत तो सुमारे २२ वेळा असतो. साधारण ३३ च्या पलीकडे गेला की हा विकार जडतो. आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास धोका निम्मा असतो.

पुढे २०१० साली असे आढळले की, ही संख्या २७ ते ३३ अशी मधली असल्यास ‘एएलएस’चा धोका वाढतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना जडलेला, स्नायू हलविणाऱ्या चेतापेशी झिजविणारा हाच तो रोग. धोका वाढतो म्हणजे रोग होतोच, असे मात्र नव्हे. थोड्या घराण्यांत दोन्ही व्याधी आढळल्या आहेत.

या रोगांना मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. तरी योग्य निदान झाले, तर पुढच्या पिढीस सल्ला मिळतो आणि चुकीच्या उपचारांवरचा पैसा वाचतो. त्या निदानाचा धागा बहुधा घरातच असतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, असे आपले होते. सोयरीक मोडेल या भीतीने आपण आजोबांचे अडखळणे नि आत्याचे अंथरुणास खिळणे झाकून ठेवतो. नागपूरला तज्ज्ञाकडे जाल तेव्हा पितृकुळ व मातृकुळ या दोहोंची हकीकत, वयांसह, कागदावर लिहून न्या. व्याधी हा कुळाचा कलंक नव्हे. ती लपविल्याने मात्र मुलांची वाट अंधारी होते.