घरचं मांजर आणि कणगीचा उंदीर



रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की रानातले उंदीरही तिच्या मागोमाग येतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "एखादं मांजर पाळा आता." मांजर येतं, आणि महिनाभरात तक्रारी सुरू होतात. मांजर घरी टिकत नाही, शेजारणीच्या कोंबडीचं पिल्लू त्यानं नेलं, आणि कणगीखालचे उंदीर आहेत तिथंच आहेत. तेव्हा मांजर कुठं फिरतं, काय धरतं आणि त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, याचा आज विचार करू.

मांजराला खायला घातलं की ते सुस्तावतं, उंदीर धरत नाही, असा आपल्याकडे समज आहे. म्हणून मुद्दाम उपाशी ठेवतात. हे चुकीचं आहे. पोट भरलेलं मांजरसुद्धा समोर काही हललं की झडप घालतंच. उपाशी मांजर मात्र घर सोडून उकिरडा आणि शेजाऱ्यांची चूल शोधत फिरतं. चार्ल्स एल्टन या प्राणिशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या शेतांवरच्या मांजरांचा अभ्यास 1953 साली प्रसिद्ध केला. आधी दुसऱ्या उपायांनी उंदीर संपवले आणि मग मांजरांना रोज दूध दिलं, तर ती गोठ्या-कोठाराजवळ राहतात आणि नवे उंदीर वस्तीला येऊ देत नाहीत, असं त्यांना आढळलं. पण हा बंदोबस्त इमारतींपासून पन्नासएक यार्डांपर्यंतच चालला. आणि उंदरांनी एकदा ठाण मांडलं, की ते उठवणं मांजरांना जमलं नाही. आधी उंदीर काढा, मग मांजर राखणीला ठेवा, हा क्रम ध्यानात ठेवा.

फिरण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मांजरांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून पाहणी झाली. ती 2011 साली प्रसिद्ध झाली. घरी पोसलेल्या मांजरांचा वावर सरासरी पाचएक एकरांत होता, तर एक बेवारस बोका साडेतेराशे एकरांवर हिंडत होता! आपल्याकडेही भाटी घराजवळ असते आणि बोका चारचार दिवस दिसत नाही. राखणीला भाटी बरी. मात्र तिला वर्षात दोन-तीन वेळा पिल्लं होतात, म्हणून शस्त्रक्रियेबद्दल आणि रेबीजच्या लसीबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

मांजर धरतं ते लहान उंदीर आणि पिल्लं. घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. घूस त्याला भारी पडते. शेतातला उंदीर तर बिळाचं तोंड मातीनं बंद करून आत बसतो, तिथं मांजर काय करणार? उलट रानात गेलेलं मांजर सरडे, साळुंक्या, चिमण्या मारतं. हे जीव आपल्या पिकावरचे किडे खातात, म्हणजे त्यात नुकसान आपलंच. मांजराची शिकारीची वेळ संध्याकाळची आणि पहाटेची. त्या वेळी त्याला घरात घ्या, भाकरी-दूध घाला, आणि कोंबड्या दिवस मावळायच्या आत खुराड्यात कोंडा.

आता विषाचं सांगतो, आणि इथं माझीच एक चूक सांगायला हवी. एका वस्तीवर मी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवायला सांगितल्या. पोरांपासून जपा, गुरांपासून जपा, सगळं सांगितलं. मांजराचं सांगायचं राहिलं. या औषधानं उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस मलूल होऊन फिरतो. असे उंदीर मांजराला आयतेच मिळाले. आठवड्याभरात त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं आणि ते गेलं. "साहेब, उंदीर गेले, पण राखणदारही गेला," म्हातारबा म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. पावसाळ्यात उंदीर पुन्हा आले.

म्हणून औषध ठेवण्यापूर्वी मांजर पाहुण्यांकडे पाठवा, नाहीतर घरात कोंडून ठेवा, आणि मेलेले उंदीर सापडायचे थांबेपर्यंत बाहेर सोडू नका. रोज सकाळी मेलेले उंदीर चिमट्यानं उचलून खोल पुरा. घरात शक्यतो पिंजरेच लावा.

शेतात संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळं. दोन-तीन दिवस तिथं नुसती तेल लावलेली भरड टाका, म्हणजे उंदीर चटावतात. मग भरड 48 भाग, गोडेतेल 1 भाग आणि झिंक फॉस्फाईड 1 भाग काठीनं कालवून, कागदाच्या पुडीत दहाएक ग्रॅम घालून पुडी बिळात आत सरकवा आणि बीळ बुजवा. हात लावू नका. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही.

वड्यांनी मेलेला उंदीर मांजरानं खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट पाहू नका. त्या विषावर के-1 जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि विषाचं रिकामं पाकीट बरोबर न्या.