घरातील वस्तू आणि मुलांचे चित्र



वस्तुचित्राच्या तासाला मुलांपुढे फळे व पितळी भांडी मांडण्याची रूढी आहे. त्याऐवजी शिक्षकांनी ‘आपापल्या घरातील वस्तू आणा’ असे सांगितले, तर तुमचे मूल काय नेईल? बापाची पहार, आईचा विळा, पोचे पडलेली घागर. ती नेताना त्यास लाज वाटली, तर ती लाज जातिव्यवस्थेने लादलेली आहे. व्हॅन गॉगने १८८६ साली झिजलेल्या बुटांचा जोड रंगविला. ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात लोक तो आज आदराने पाहतात.

वस्तू साक्षही देते. उपाहारगृहात अस्पृश्यांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी अशीच साक्षीदार होय. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याच्या चौथ्या कलमाने, अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथील भांडी वापरण्यास मज्जाव करणे शिक्षापात्र ठरविले. १९७६ साली त्याच कायद्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. मुलाने कपबशी रेखाटली, तर हा इतिहास व हे कलम त्यास अवश्य सांगा.

धम्मदीक्षा घेऊन आपण देव्हारे सोडले. आता घरातील वस्तूंची लाजही सोडू या. काय रेखाटावे, ते मुलास स्वतः निवडू द्या.

जयभीम!